रत्नाने मागितलेली चादर

"मावशी, चादर म्हणजे एक्झॅक्टली काय?" मित्राने फोनवर मला आधी हेच विचारलं. मी इंग्लंडातल्या रीडिंगच्या सुपरमार्केटमध्ये बटाटे निवडत उभी होते. मित्रा ही माझ्या मैत्रिणीची, रत्नाची मुलगी. जन्मली, वाढली स्लाऊमध्ये. मराठी बोलते, पण एखादा शब्द अडला की वेळ-काळ न बघता मला फोन लावते. त्यामुळे मी सवयीने सांगून टाकलं, "चादर म्हणजे बेडशीट. नाहीतर पांघरायची असते ती. का गं?"  मग ती म्हणाली, "आई गेली, मावशी. आत्ताच. जायच्या आधी ती म्हणाली, चादर घाल. परत एकदा म्हणाली. मी हॉस्पिटलचा ब्लँकेट घातला तर तिने मान हलवली... नाही, असं. मग मी बेडशीट वर ओढला, तरी नाही. मावशी, मी राँग चादर घातला का?"

बटाटे तिथेच टाकून मी बाहेर आले. रत्ना आजारी होती, जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, दोन दिवस आधीच मी तिच्या उशाशी बसून आले होते. तेव्हा ती झोपेतच होती. तरी बातमी आली ती अशी, शब्दाचा अर्थ विचारत आली, आणि मी मूर्खासारखी तो अर्थ सांगूनही बसले. आता ह्याला काही आठवडे झाले. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. ते लिहिता लिहिता सापडतंय का, हे बघायला मी बसले आहे. खरं सांगायचं तर रत्ना मला जिवंतपणीही पुरती कळली नव्हती.

आमची ओळखच भांडणातून झाली. ईलिंगला एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, लहान मुलींचं कोळीनृत्य बसवलं होतं, आणि मुलींना लुगडी नेसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी एकेकीला उभी करून भराभर नेसवत होते, तेवढ्यात एक उंच, सडपातळ बाई पुढे आली आणि म्हणाली, "माझ्या मुलीचं लुगडं घोट्यापर्यंत नेसवा." मी म्हटलं, "अहो, कोळीनृत्य आहे. पायात येईल." ती म्हणाली, "येऊ दे. घोटा झाकला पाहिजे." मला वाटलं, आली एक सोवळी! इंग्लंडात येऊनही ह्यांना पोरीबाळींच्या पोटऱ्या झाकायच्याच आहेत. मी फणकाऱ्याने मित्राचं लुगडं अगदी जमिनीला टेकेल असं नेसवलं, आणि ती बिचारी रंगमंचावर दुसऱ्याच फेरीत लुगड्यात पाय अडकून तोंडावर पडली. पण तिची आई पहिल्या रांगेत उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवत ओरडली, "ऊठ मित्रा, कॅरी ऑन!" पोरगी उठून नाचू लागली. कार्यक्रमानंतर रत्ना स्वतः माझ्याकडे आली. "तुम्ही बरोबर होतात, पायात आलं," म्हणाली, आणि घरी चहाला बोलावलं. का झाकायला हवा होता घोटा, ते मात्र सांगितलं नाही.

स्लाऊच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. तिच्या घरी बुद्धाची छोटी मूर्ती होती, जयंतीला ती विहारात भाषण करायची, आणि त्या भाषणात दरवर्षी एक गोष्ट हमखास यायची. लग्नानंतर अकोल्याला सासरी गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, वडीलधाऱ्यांपुढे डोक्यावर पदर पाहिजे. रत्ना म्हणाली, "घेणार नाही. मी डोक्याने शिकले आहे, ते का झाकू?" सासूबाईंनी पुष्कळ काळ तिच्याशी अबोला धरला. नवरा मिलिंद मधल्यामध्ये भरडला गेला. पण रत्नाने पदर घेतला नाही तो नाहीच. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा उघड्या डोक्याने त्यांच्या पायांशी बसून रडली. ही गोष्ट ती इतक्या रंगवून सांगायची की 'ते का झाकू?' हे समोरच्या बायकाच एका सुरात म्हणायच्या. मला ते आवडायचं. फक्त मनात यायचं, हिचं हे काय गणित आहे? डोकं उघडं पाहिजे आणि घोटा झाकलेला पाहिजे!

मिलिंद गेल्यावर ती फार एकटी पडली, आणि एका संध्याकाळी म्हणाली, "शैला, इराणला येतेस?" वर्गात भूमिती शिकवताना ती त्या देशातल्या मशिदींच्या फरशांची चित्रं दाखवायची. एक आकार वळवून, उलटवून, फट न राहता सगळी भिंत कशी भरते ते. आयुष्यभर चित्रं दाखवली, आता भिंत बघायची होती. तेव्हा आमच्यासारख्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना सोबत गाईड घेऊन तिकडे जाता यायचं. मी हो म्हटलं आणि लगेच कपड्यांच्या मागे लागले. साउथहॉलमधून मांडीखाली जाणारे, मनगटापर्यंत बाह्यांचे सैल झगे आणले, माझी मापं पाहून दुकानदारीण म्हणाली, "आंटी, हज को जा रहे हो?" रत्नाने नवीन काहीच घेतलं नाही. जुन्या कुर्त्यांच्या दुमडी उसवून ते लांब केले, आणि शाळेतल्या हिजाब घालणाऱ्या मुलींना विचारलं की ओढणी घसरू नये म्हणून काय करता? मुलींना कोण आनंद झाला! मधल्या सुट्टीत त्यांनी मिसच्या डोक्याला आतून घट्ट सुती टोपी चढवली, कानामागे टाचणी लावून दाखवली. मला हे सांगताना ती हसत होती. मी हसले नाही. अकोल्याच्या पदराची एवढी मोठी लढाई, आणि इथे मधल्या सुट्टीत तह?

विमान उतरायला लागलं तेव्हा सगळ्या बायकांनी डोक्यावर रुमाल ओढले. मी रत्नाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता ही काहीतरी बोलेल, निदान कपाळाला आठी तरी घालेल. तिने टोपी चढवली, ओढणी गुंडाळली, टाचणी लावली आणि माझीही सरळ करून दिली. मला रागच आला. म्हटलं, "सासूसाठी इतकीशी मान वाकवली नाहीस, आणि परक्या सरकारासाठी एका सेकंदात?" ती म्हणाली, "अकोल्याचं घर माझं होतं गं. इथे मी पाहुणी आहे." मी म्हटलं, "म्हणजे पाहुणीने झाकलेलं चालतं, सुनेने नाही? हा कुठला नियम?" तिने खिडकीबाहेर बघितलं. वर्गात एखाद्या मुलाने अवघड शंका काढली की ती जे म्हणायची, तेच म्हणाली, "विचार करते."

तिथे मी ओढणीने अगदी कावून गेले. जेवताना ती सूपमध्ये जायची, चालताना मागे ओढली जायची, आणि कान झाकलेले असल्यामुळे मला निम्मं ऐकू यायचं नाही. आमची गाईड नसरीन हुशार, थट्टेखोर मुलगी होती. तिची स्वतःची ओढणी केसांवर असून नसल्यासारखी असायची, पोलीस दिसला की एक बोट पुढे, गेला की दोन बोटं मागे. रत्नाची टोपी-टाचणी बघून ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर माझ्या आजीपेक्षा कडक!" एका मोठ्या मशिदीच्या घुमटाखाली मात्र रत्नाचा सगळा बंदोबस्त फुकट गेला. ती मान पूर्ण मागे टाकून वर बघत राहिली, निळ्या फरशीवरून निळ्या फरशीवर, ओठ हलत होते, बहुतेक बाजू मोजत होती, आणि ओढणी टाचणीसकट सरकून खांद्यावर आली. एक म्हातारी बाई पुढे झाली, तिने ओढणी परत रत्नाच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्या गालाला हात लावून निघून गेली. मला तो आगाऊपणा वाटला. रत्नाला विचारलं तर म्हणाली, "माझी सासू असं करायची. गालाला हात मात्र लावायची नाही."

मग शिराजचा दर्गा. तिथे नुसती ओढणी पुरत नाही, बाईला डोक्यापासून पायापर्यंत अंगभर 'चादोर' घ्यावी लागते. नसरीनने निघण्यापूर्वीच फोनवर रत्नाला सांगून ठेवलं होतं, दर्ग्यासाठी चादोर लागेल, दारात मिळते, हवी तर स्वतःची आणा. रत्नाने ऐकली ती आपली चादर. तिला वाटलं, दर्ग्याच्या धर्मशाळेत मुक्काम असणार, तिथली अंथरुणं-पांघरुणं काही खरी नसतील. दारात पिसांचा झाडू हातात घेतलेली बाई सगळ्यांना फुलाफुलांच्या पातळ चादोरी वाटत होती, आणि नसरीन म्हणाली, "मॅडम, तुम्ही आणली आहे ना?" रत्नाने पाठपिशवीतून काढली ती चक्क सोलापुरी चादर! लाल-काळी, जाडजूड, मधोमध मोठं नक्षीचं फूल, कडेला दशा. अकोल्याहून सासूबाईंनी लग्नात दिलेली. नसरीनने आधी त्या चादरीकडे बघितलं, मग रत्नाकडे, आणि भिंतीला टेकून पोट धरून हसू लागली. "मॅडम... धिस इज अ कार्पेट!" मी तोंडाला ओढणी लावली. झाडूवाल्या बाईने मात्र गंभीरपणे चादरीचं टोक चिमटीत धरून बघितलं आणि काहीतरी म्हणाली. नसरीनने डोळे पुसत सांगितलं, "ती म्हणते, एवढ्या उन्हात एवढी जाड? तुमच्या देशात बायकांना फारच सोसावं लागतं." नसरीनने पातळ चादोर पुढे केली, पण रत्ना म्हणाली, "आणली आहे तर हीच घेते." त्या बाईने ती दोन्ही हातांनी उचलून रत्नाच्या डोक्यावरून घातली, हनुवटीखाली आवळून धरायला शिकवली, आणि खाली वाकून, घोट्यापर्यंत नीट पोचली आहे की नाही ते पाहिलं.

आत भिंतींना, छताला सगळीकडे आरशांचे तुकडे होते. त्यांत जिकडेतिकडे सोलापूरची लाल फुलं दिसायला लागली. मला पुन्हा हसू फुटलं, वळून बघते तर रत्ना खाली बसलेली आणि रडत होती. मी घाबरले. "उकडतंय का? काढ ती. कुणी काही म्हणणार नाही." तिने मान हलवली, आणि मग मला तिच्या आजीची गोष्ट सांगितली, जी ती कुठल्याच भाषणात सांगत नसे. आजीच्या गावात त्यांच्या जातीच्या बायकांनी लुगडं घोट्याच्या वरच नेसायचं असा दंडक होता. कोण येतंय ते लांबूनच ओळखू यावं म्हणून. आजी एकदा एका सभेला गेली. तिथे सांगितलं गेलं, बायांनो, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. दुसऱ्या सकाळी आजी घोट्यापर्यंत नेसून गावातून चालत गेली. लोकांनी शिव्या दिल्या, कुणी शेण मारलं. तिने घरी येऊन लुगडं धुतलं आणि तेच पुन्हा नेसली, तसंच. "आजीला कुणी झाकू देत नव्हतं," रत्ना म्हणाली, "आणि मला कुणी उघडं राहू देत नव्हतं. दोन्ही वेळा आम्ही नाही म्हटलं. आणि आज ह्या बाईने वाकून माझा घोटा झाकला, शैला, आणि मला इतकं बरं वाटलं... म्हणजे मी कुणाच्या बाजूने आहे? बाहेर नसरीन बघ, तिला मनाविरुद्ध घ्यावीच लागते. मला काही सुचेना झालंय." मला कोळीनृत्य आठवलं. मी तिच्या शेजारी बसले. माझ्या आज्या, पणज्या सगळ्या घोळदार नऊवारीत वावरल्या, आणि ते लुगडं किती लांब असावं हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर त्या आरशांतला, डोक्यावर चादर घेतलेला स्वतःचा फोटो तिने मोठा करून बैठकीत लावला आणि चादर सोफ्यावर आली. पुढे काही वर्षांनी टीव्हीवर बातम्या येऊ लागल्या, त्याच देशात बायका डोक्यावरचं काढून रस्त्यावर उतरल्या होत्या, मार खात होत्या. रत्नाचा फोन आला. "नसरीनचा फोन लागत नाही गं. ती असेल का त्यांच्यात?" रोज ती फोन लावायची. एकदा तिच्याकडे गेले तर भिंतीवरचा फोटो काढलेला होता. "तिथल्या मुली जीव देतायत, आणि मी ती चादर मिरवत फोटो लावून बसले," म्हणाली. पुढच्या वेळी गेले तर फोटो परत जागेवर. मी विचारलं. "त्यात आजी पण आहे," म्हणाली. त्यानंतर तो किती वेळा खाली आला आणि वर गेला, ह्याचा मी हिशेब सोडून दिला. नसरीनचा एक मेसेज पुढे कधीतरी आला, ठीक आहे एवढाच. त्याच हिवाळ्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि रत्ना माझ्या दारात आली ती अर्धी सोलापुरी घेऊन. फुलाच्या बरोबर मधून कापलेली! मी किंचाळले, "अगं वेडे, अख्खी चादर कापलीस? सासूची?" ती म्हणाली, "अख्खी मला जास्त होते. अर्धी तू घे. कड तेवढी शिवून घे, उसवेल." माझ्या थंडीसाठी कापली, की आणखी कशासाठी, हे मी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, विचार करते. मी विचारलं नाही, कडही शिवली नाही.

तर, आता मित्राचा प्रश्न. शिराजची सगळी हकीकत मी तिला सांगितली होती. फ्यूनरलवाल्यांनी सांगितलं होतं, आईचे कपडे आणून द्या. विहारातल्या कांबळेकाकांचा मला फोन आला, "शैलाताई, पांढरी साडी. आपली पद्धत तीच. मित्रा काहीतरी इराणी चादर म्हणतेय. अहो, रत्नाताईंनी जन्मभर पदर नाकारला, आणि आता शेवटी डोक्यावर इराणी चादर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "काका, ती सोलापूरची आहे."  ते हळूच म्हणाले, "मग ठेवा त्यांच्या शेजारी. पण डोक्यावर नको." काकांचं म्हणणं मला पटत होतं. पण डोळ्यांपुढे आरशातली रत्नाही येत होती. आणि तिसरी शक्यता होतीच, की तिला नुसती थंडी वाजत होती, घरची उबदार चादर हवी होती, आणि आम्ही तिच्यावर आपले विचार लादत होतो. हॉस्पिटलची चादर तिला नको होती, एवढंच आम्हाला नक्की कळलं होतं.

फ्यूनरलवाल्यांच्या त्या लहानशा खोलीत मित्रा आणि मी, दोघीच होतो. पांढऱ्या साडीत रत्ना आणखी उंच दिसत होती. मित्राने तिची अर्धी चादर पायांकडून घालायला सुरुवात केली. घोटे झाकले, गुडघे झाकले, आणि छातीशी चादर संपली. मित्राने ती वर ओढली, हनुवटीपर्यंत आणली, तर पाय उघडे पडले. परत खाली घेतली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण पांघरूण पाहून काय करावं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. माझ्या पिशवीत माझी अर्धी होती. मी ती आणली होती, उगाच म्हणा हवं तर, पण आणली होती. दोन्ही जोडल्या असत्या तर रत्ना डोक्यापासून पायापर्यंत झाकली गेली असती, फूलसुद्धा पुरं झालं असतं. मी पिशवीत हात घातला. मित्राने ते बघितलं, आईकडे बघितलं. मग म्हणाली, "नको मावशी. पाय झाकूया. आईचा केस दिसू दे." मी पिशवीतून हात रिकामाच काढला. रत्नाच्या केसांवरून फिरवला. मला एकदम मोकळं वाटलं आणि त्याच क्षणी वाटलं, तिने तीच मागितली असेल तर? पुरी मागितली असेल तर? हे मी तिथे बोलले नाही, मित्राला कधी बोलणारही नाही. इथे लिहून ठेवते, कारण रत्नाला अर्धवट सोडवलेलं गणित चालायचं, पण सुटलं असं खोटं लिहिलेलं चालत नसे.

मागच्या रविवारी मित्रा माझ्याकडे आली होती. जेवली, आईच्या आठवणी काढून रडली, नसरीनला कळवायचा मेसेज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. निघताना बाहेर पाऊस आणि बोचरा वारा, आणि पोरगी नुसत्या पातळ जॅकेटवर. दारात बूट घालता घालता म्हणाली, "मावशी, तो चादर देतेस?" माझी अर्धी दारामागच्या खुंटीवर होती. आतापर्यंत ह्या शब्दाने मला इतकं छळलं आहे की ओठांवर आलं होतं, कुठली गं, आणि कशाला? पण मी ती तिच्या हातात दिली. तिने ती झटकली, कापलेल्या कडेचे दोरे लोंबत होते, आणि सहज डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली मुठीत आवळून धरली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "बाय मावशी, नेक्स्ट वीक आणून देते," म्हणाली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागली. मी दारात उभी राहून वळणापर्यंत बघत होते. मागून हुबेहूब रत्ना. चादर गुडघ्यापर्यंतच पोचत होती, खाली जीन्स भिजत होती. हाक मारून मला काहीतरी सांगायचं होतं, पण काय ते मलाच कळेना, म्हणून मी नुसतंच ओरडले, "पाय भिजतील, सांभाळून जा!" तिने न वळता हात वर केला. रात्री तिचा मेसेज आला, घरी पोचले, चादर वाळत घातला आहे. मी उत्तर लिहिलं, राहू दे तुझ्याकडे, फक्त कड तेवढी शिवून घे.